अंजू राठोडची फळी

अंजू राठोडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका पोरीला मातीत आपटत होती. तालुक्याच्या कबड्डीच्या स्पर्धा होत्या, मी गुण लिहायला टेबलावर बसलो होतो. समोरच्या संघाची चढाई करणारी पोरगी अंजूच्या मिठीतून सुटायला तडफडत होती. अंजू तेव्हा सतरा वर्षांची. तिनं त्या पोरीला कमरेतून उचललं आणि अशी खाली घातली की 'कबड्डी'चा 'कब'च बाहेर आला, पुढचं सगळं रक्त. पंचांनी ताकीद दिली. अंजूनं आपल्या बाहीनं त्या पोरीचा ओठ पुसला, तिला हात देऊन उठवलं, आणि पुढच्या चढाईत पुन्हा तसंच आपटलं.

माझं नाव अमर. आर्णीत स्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून अंजूच्या बापाचं, खेमसिंगकाकांचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी ते बांधून देतात. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्यांच्या दुकानातला हातोडा माझ्या दुकानात वाजतो आणि माझ्या मशीनचा आवाज तिकडं. या घराचं बरंवाईट मला भिंतीतूनच कळत आलेलं आहे.

विसाव्या वर्षी अंजूचं लग्न पुसदकडच्या एका तांड्यावरच्या देवीलाल आडेशी झालं. देवीलाल काळी-पिवळी जीप चालवायचा. दिसायला चांगला, चारचौघांत बोलायला त्याहून चांगला. घरात मात्र हाताला येईल त्यानं मारायचा. चपला, पट्टा, एकदा गरम तवा. अंजूही गप्प बसणारी नव्हती, तिनंही दोनदा त्याला खाली पाडलं होतं. पण घरात सासरा, दीर, सगळे त्याचे. ती एकटी.

चौथ्या वर्षी शेजारच्या तांड्यावर बायकांचा कबड्डीचा सामना होता. ती न विचारता गेली, खेळली, बक्षिसाची स्टीलची बादली घेऊन घरी आली. देवीलाल दारातच उभा होता. त्यानं जीपच्या जॅकची लोखंडी दांडी घेतली आणि तिच्या डाव्या गुडघ्यावर दोनदा घातली. दुसऱ्या घावाला हाड फुटल्याचा आवाज आला, असं ती मला पुढे कधीतरी म्हणाली, अगदी कोणी भाजीचा भाव सांगावा तशी.

यवतमाळला दवाखान्यात तिच्या पायात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? बाजूला सासरा उभा होता. ती म्हणाली, विहिरीच्या पायऱ्यावरून पडली. चार दिवसांनी खेमसिंगकाका भेटायला गेले तेव्हा तिनं त्यांना खरं सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "चाल घरी."

तांड्यावर बैठक बसली. देवीलालच्या बाजूचे म्हणाले, नवरा-बायकोचं होत राहतं, पाठवा परत. तेव्हा अंजूची आई धुरपताबाई उठली. ती कधी बैठकीत बोललेली कोणाला आठवत नाही. म्हणाली, "पोरगी हाय माही. उसनं आणलेलं भांडं नाई, घासूनपुसून नेऊन द्याले." मग बैठक मोडली. पोलिसांत तक्रार दिली, पण साक्षीला कोणी आलं नाही. फारकतीचा दावा कोर्टात पडून राहिला.

अंजू बापाच्या दुकानात बसू लागली. त्या सुमारास कपाशीवर फवारणी करायचे बॅटरीचे पंप घरोघरी झाले होते, आणि दर दुसऱ्या पंपाची बॅटरी वर्षभरात मरायची. खेमसिंगकाकांना त्यातलं काही कळत नव्हतं. अंजूनं एक पंप फोडला. उघडला नाही, हातोड्यानं फोडला. आत काय आहे ते पाहिलं, पुन्हा जोडला, आणि तो चालला. सहा महिन्यांत आर्णीतच नाही, आजूबाजूच्या गावांतूनही लोक पंप घेऊन तिच्याकडं यायला लागले. चालताना ती डावा पाय थोडा ओढायची. कोणी 'लंगडी' म्हटलं तर त्याचा पंप ती रस्त्यावर भिरकावून द्यायची. दोन पंप असे फुटलेले मी पाहिलेले आहेत.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती माझ्या दुकानात आली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"अमरभाऊ, हे पाय."

कुठल्यातरी घाटाचा रस्ता होता. एक बाई लांबट फळीवर उभी होती, खाली चार चाकं, हातात बोटभर रिमोट. फळी चढावर चढत होती आणि बाई नुसती उभी.

"इचे पाय हालूनच नाई राह्यले," अंजू म्हणाली.

"लाँगबोर्ड म्हणतात त्याला. बॅटरीवरचा. आपल्याकडं कुठं मिळते?"

"मिळत नाई तं बनवीन."

"कायले पण? तुला गाडी चालवता येते की."

तिनं मोबाइल खाली घेतला. मग म्हणाली, "गाडीवर बसा लागते, अमरभाऊ. मले उभ्यानं पळाचं हाय."

तिथून पुढे आठ महिने ती सामान निवडत होती. निवडण्याची तिची पद्धत एकच. आलेली वस्तू आधी मोडून पाहायची. "मोडाचं असन तं आत्ताच मोडू दे, माह्या पायाखाली नको," असं म्हणायची. तिचे सगळे नकाशे मी छापून द्यायचो. फळीचा खऱ्या मापाचा नकाशा चार कागद चिकटवून केला, तिच्या छातीपर्यंत आला.

फळीसाठी ती मारोती सुताराकडं गेली. मारोतीनं सागवानाची एकसंध फळी रंधून दिली. त्याला त्या फळीचा फार अभिमान. "शंभर वर्षं हालनार नाई," म्हणाला. अंजूनं ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि ओट्यावरून एक बंद पडलेली पाण्याची मोटार तिच्यावर ढकलली. फळी धाग्याधाग्यानं उभी चिरली. मारोतीचा चेहरा असा झाला की जणू मोटार त्याच्याच पाठीवर पडली.

"हे का केलं वं तू?"

"माह्या वजनानं खड्ड्यात हेच झालं असतं, मारोतीभाऊ. लाकडाचे धागे एकाच बाजूनं जाऊन राह्यले याचे."

दुकानातल्या तयार प्लायचंही तिनं तेच केलं, त्याचे थर सुटले. शेवटी मारोतीनंच सुचवलं की लाकडाचे पातळ पातळ पापुद्रे घ्यायचे, एकाचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, मध्ये चांगला चिकटणारा डिंक, आणि शिकंज्यात दोन दिवस आवळून ठेवायचं. पाच थरांची फळी झाली. मोटार पडली, फळी लवली आणि परत सरळ झाली. मारोतीनं टाळी वाजवली. अंजूला मात्र ते लवणंच आवडलं नाही. बॅटरी फळीच्या पोटाला बसणार होती. फळी दर खड्ड्याला लवली तर बॅटरीच्या आतले जोड रोज थोडे थोडे तुटतील आणि एके दिवशी आग. तिनं आणखी दोन थर घालायला लावले. मग ती फळी कोणापुढं वाकेना.

मोटार निवडताना खेमसिंगकाका हटून बसले. आपण दोघं बांधू म्हणाले. पण ही मोटार पाण्याच्या गडूएवढी, बाहेरचं कवच फिरणारं. त्यांनी ती भिंगातून पाहिली, तार पाहिली, आणि दोन मोटारींपैकी एकावर बोट ठेवलं. "ह्या दुसरीत तार बारीक हाय, वेढे जास्त. वेग कमी देईन, पण ओढीन. पहिलीनं तू पडशीन." अंजूनं बापाचं ऐकलं. तिची स्वतःची अट एकच होती. मोटारीत सेन्सर पाहिजे. बाकीचे लोक एक पाय जमिनीवर मारून फळी आधी ढकलतात, मग मोटार जोर लावते. अंजूला डाव्या पायानं ढकलता येत नव्हतं आणि एकट्या डाव्यावर उभंही राहता येत नव्हतं. सेन्सर नसेल तर मोटार उभ्या जागी नुसती थरथरते. तिला जागेवरून अलगद उचलणारी मोटार हवी होती.

काही लोक मोटार चाकाच्या पोटातच बसवतात. ते दिसायला साफ, पण मग चाकावरचा रबरी थर पातळ राहतो, आणि आमच्या रस्त्यांवर दात वाजतील. तिनं मोठी मऊ चाकं घेतली आणि मोटारीपासून चाकापर्यंत पट्टा. पट्ट्यात गिट्टी अडकेल, पट्टा तुटेल, हे तिला माहीत होतं. "पट्टा बदलता येते. माकडहाड नाई," ती म्हणाली.

सेलचं प्रकरण सगळ्यांत वाईट झालं. तिच्याकडं पंपातून निघालेल्या जुन्या सेलची पोती होती. मी म्हटलं, एवढे पडले आहेत, तेच लाव. ती म्हणाली, "पंपाचा सेल चालणारा हाय, पळणारा नाई. फळी उठतानी एकदम मागते. हा देऊ गेला की तापते." मी मान डोलावली. मला पटलं नाही हे तिला दिसलं असावं. तिनं एक भरलेला सेल घेतला, दुकानामागच्या मोकळ्या जागेत विटांच्या आळ्यात ठेवला, लांब सळईच्या टोकाला बांधलेला खिळा त्याच्यावर टेकवला आणि घण घातला. आधी साप फुसकारावा तसा आवाज. मग आगीची जीभ. सेल विटांवरून उडाला, माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटून तिथंच जळत राहिला. धुरानं घसा सोलला. मी पळालो. ती उभी राहून पाहत होती, डोळे बारीक करून.

"आता समजलं?" तिनं विचारलं.

नवे सेल मागवले त्यांच्यावर नामांकित कंपनीचा कागद होता. तिनं सोनाराच्या काट्यावर एक तोलला. हलका भरला. कागद फाडला तर आत दुसराच कागद. सगळे परत. दुसरे आले ते वजनाला बरोबर निघाले. ते भरायचे, रिकामे करायचे, दहा दिवस नुसते ठेवायचे, आणि ज्याचा विजेचा दाब उतरला तो बाजूला. असे चाळीस निवडले. ते जोडायची निकेलची पट्टीसुद्धा तिनं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. एका दुकानदाराच्या पट्टीला दुसऱ्या दिवशी गंज चढला, म्हणजे आत लोखंड, वर नुसता मुलामा. ती पट्टी घेऊन ती त्या दुकानात गेली आणि त्याच्या काउंटरवर फेकली. काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

राहिले ॲक्सल. बोर्डवाले त्याला ट्रक म्हणतात. अंजू ॲक्सल म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. फळीच्या पुढं एक आणि मागं एक, चाकं त्यालाच लागतात आणि वळणंही तोच घेतो. तिनं तीन जातींचा एकेक ॲक्सल मागवला आणि प्रत्येक ऐरणीवर ठेवून घणानं मारला. पहिला तिसऱ्या घावाला मानेतून तुटला, आत साखरेसारखे कण दिसले. दुसरा वाकला. तिसरा ऐरणीवरून उडाला, पण त्याला चीरही गेली नाही. तिनं त्याच जातीची नवी जोडी मागवली.

"हा आहे की चांगला, तुटला कुठं?" मी म्हटलं.

"मारलेला लावाचा नसते, अमरभाऊ. आत काय झालं ते दिसत नाई."

नवी जोडी आली. मागच्या ॲक्सलला तिनं मोटार धरणारी जाड पट्टी आवळली. बाजाराचा दिवस होता, दुपारचे बारा वाजले असतील. खेमसिंगकाका बाहेर स्टुलावर बसून तारेचं बंडल सोडवत होते. अंजू आत. मी एका बाईचं आधार कार्ड मशीनवर ठेवत होतो.

जीप थांबली ती आमच्या दारातच. देवीलाल उतरला. कोर्टाची नोटीस त्याच्या तांड्यावर पोचली होती, आणि त्यापायीच त्याची दुसरी सोयरीक मोडली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्यानं सीटखालून कोयता काढला.

"कुठं हाय ते लंगडी?"

काका उभे राहिले. दोन्ही हात पुढं केले, तारेचं बंडल हातातच. "जावई, बसा. बोलून—"

देवीलालनं कोयता त्यांच्या खांद्यावर घातला. काका खाली बसले, जसं कोणी थकून बसतं तसे. तारेचं बंडल लाल झालं. आधार कार्डवाली बाई ओरडली. रस्त्यावरचे लोक मागे सरले. मी मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभा होतो आणि माझा हात तिथून निघेना. हे मी लपवत नाही.

अंजू बाहेर आली. हातात ॲक्सल, एका टोकाला धरलेला. देवीलालनं कोयता उगारला. ती मागे सरली नाही, आत घुसली. कबड्डीत ती तशीच घुसायची. पहिला घाव त्याच्या मनगटावर. कोयता गटारीत पडला. दुसरा गळ्याजवळच्या हाडावर. तो वाकला. तिसरा त्याच्या गुडघ्यावर, आणि तो रस्त्यावर आडवा झाला. तो ओरडत होता, "बस, बस, मेलो!" तिनं पाय फाकवून नीट उभं राहून चौथा घाव त्याच गुडघ्यावर घातला. मग पाचवा. पाचव्याचा आवाज वेगळा होता.

तेव्हा कुठं माझा हात सुटला. मी जाऊन तिला मागून धरलं.

"सोड," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सोड, बाले पाहू दे."

ॲक्सल तिथंच टाकून ती काकांजवळ बसली आणि ओढणीचा बोळा करून त्यांच्या खांद्यावर दोन्ही हातांनी दाबून धरला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तिनं हात काढला नाही.

पोलीस आले. कोयता जप्त झाला, ॲक्सलही. हवालदार लिहीत होते.

"हे कायचं हाय, बाई?"

"फळीचं."

"कोणत्या फळीचं?"

तिच्या कोपरापर्यंत बापाचं रक्त वाळलेलं होतं. तशीच उभी राहून तिनं त्यांना फळी, चाकं, मोटार सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं आणि लिहिलं, 'लोखंडी वस्तू, एक नग.'

"लोखंड नाई, साहेब. ॲल्युमिनियम हाय. चुकीचं नका लिहू."

त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं.

दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. देवीलालवर काकांच्या जिवावर उठल्याचा, अंजूवर त्याला जबर मारहाण केल्याचा. तिला दुसऱ्या दिवशी जामीन झाला. वकील म्हणाले, अंगावर आलेल्याला मारलं हे कोर्ट समजून घेईल, प्रश्न आहे तो देवीलाल पडल्यानंतरचा. त्या दिवशी रस्त्यावर शंभर लोक होते. जबाब द्यायला तयार झालो मी आणि ती आधार कार्डवाली बाई. बाईनं डोळे मिटले होते. म्हणजे मीच.

जबाबाच्या आदल्या दिवशी अंजू दुकानात आली. काकांना डबा घेऊन यवतमाळला निघाली होती.

"किती सांगणार हाय, अमरभाऊ?"

"तीन. तिसऱ्याला तो पडला. पुढचं मला गर्दीत दिसलं नाही."

"पाच होते."

"मला माहीत आहे पाच होते. म्हणूनच तीन सांगतो."

"पाच सांगा." तिनं डबा टेबलावर ठेवला. "मी डॉक्टरले सांगतलं, पायऱ्यावरून पडली. तेव्हा तोंडातून निघालं तं निघालं. त्याच्या बापानं मान हालवली, डॉक्टरनं लिहून घेतलं, अन् मंग त्या कागदावर खरंच मी पायऱ्यावरून पडली. कोर्टात तोच कागद दाखवते ते लोक. आता माह्याकडून असा कागद नको."

"अंजू, तुला आत टाकतील."

"टाकतीन तं टाकतीन."

मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं ते. "बरं वाटलं का तुला? ते शेवटचे दोन?"

"मारतानी वाटलं," ती म्हणाली. "लय बरं वाटलं. ते सांगून राह्यली तुमाले. मंग बाजवळ गेली तं त्याचं रक्त थांबून नाई राह्यलं. त्या दोन घावांत जेवढा येळ गेला, तेवढा येळ बाचं रक्त वाहूनच राह्यलं. हे मले जात नाई मनातून."

मी पाच सांगितले. खटला अजून सुरू आहे. देवीलाल काही महिने तुरुंगात होता, आता जामिनावर आहे. त्याचा गुडघा जुळला नाही, जीप भावानं घेतली. खेमसिंगकाका वाचले, पण त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वायंडिंगचं काम सुटलं. आता मोटारीही अंजूच बांधते आणि काका बाजूला बसून चुका काढतात. त्यांच्या चुका काढण्याचा आवाजही भिंतीतून येतो.

बोर्ड अडकून पडला होता तो मागच्या ॲक्सलवाचून. घण खाल्लेला जुना तिथं फडताळावर होताच. मी म्हटलं, तोच लाव आता, कोर्ट जप्त केलेला ॲक्सल दहा वर्षं सोडणार नाही. तिनं ऐकलं नाही. त्या जातीचा माल संपला होता. पुन्हा यायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत तिनं ब्रेक पाहिला. पायानं चालणारा ब्रेक तिच्या कामाचा नव्हता. मोटारच उलट जोर लावून थांबवेल असा कंट्रोलर तिनं निवडला. रिमोटचा संपर्क तुटला तर मोटार आपोआप सुटी होते की नाही हे पाहायला तिनं फळी उलटी करून चाकं पूर्ण वेगात फिरवली आणि रिमोटमधली बॅटरी ओढून काढली. असं पन्नासदा. एक रिमोट त्यात नापास झाला. त्याचं काय झालं ते सांगायला नको.

फळी पूर्ण झाली तेव्हा मे महिना होता. कापसाचा हंगाम संपून जिनिंग मिलचं सिमेंटचं भलंमोठं अंगण रिकामं पडलं होतं. तिथल्या चौकीदाराचे तीन पंप अंजूनं दुरुस्त केलेले, त्यानं सकाळी सहाला फाटक उघडून दिलं. आम्ही पाच जण होतो. अंजू, खेमसिंगकाका, धुरपताबाई, मारोती आणि मी. अंजूच्या डोक्यावर हेल्मेट, दोन्ही गुडघ्यांवर क्रिकेटचे पॅड. धुरपताबाईनं फळीच्या चाकांवर हळदकुंकू वाहिलं आणि मग बाजूला होऊन तोंडाला पदर लावला.

अंजू चढली. उजवा पाय मागे, डावा पुढे. रिमोटवर अंगठा दाबला. फळी निघाली, इतकी अलगद की काका पुटपुटले, "पायलं? ओढ पायली?" ती भिंतीपर्यंत गेली, मोठं वळण घेऊन आली. पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला वेग वाढला. पट्ट्याची किणकिण ऐकू यायला लागली. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि ती काहीतरी ओरडत होती, शब्द नव्हते त्यात. डावा पाय तिच्याखाली खांबासारखा रोवलेला. ओढायचा, लंगडायचा, तो हाच पाय हे मला पटेना.

कापसाच्या गाठी आवळायची एक लोखंडी पट्टी अंगणात पडली होती, कोणाला दिसली नाही. पुढचं चाक त्या पट्टीवर गेलं आणि जागच्या जागी थांबलं. अंजू थांबली नाही. ती हवेत गेली, तळहातांवर पडली, त्यांवरून घसरली, मग हनुवटी, मग हेल्मेट सिमेंटवर आपटल्याचा आवाज. फळी उलटी होऊन एकटीच भिंतीवर जाऊन धडकली.

आम्ही धावलो. धुरपताबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं आधी पोरीला पाहिलं नाही, पायातली चप्पल काढली आणि त्या फळीला हाणायला लागली. "ई कांई छ? ई कांई छ, अंजू?" हे काय आहे, असं त्यांच्या बंजारा बोलीत विचारत होती आणि हाणत होती. काकांनी चांगल्या हातानं तिचा दंड धरला.

अंजू उठून बसली. हनुवटी फाटली होती. दोन्ही तळहातांची साल निघाली होती, त्यात सिमेंटचे कण. हेल्मेटला चीर गेलेली.

"तुटली का?" तिनं मारोतीला विचारलं.

मारोतीनं फळी उचलली, उलटसुलट केली, कान लावून ठोकून पाहिली. "नाई. रंग उडाला कोपऱ्याचा."

"सेल?"

"गरम नाई लागून राह्यले."

तिनं आपले हात पाहिले. "हाताचं कायच नाई पायलं आपण," ती म्हणाली. "हातमोजे पायजेत." मग मला म्हणाली, "अमरभाऊ, ते पट्टी कुठून आली ते पाहा. अजून असतीन."

होत्या. मारोतीला दोन सापडल्या, मला एक. मारोतीनं चौकीदाराकडून झाडू मागवले. आम्ही दोघांनी आणि चौकीदारानं ते अख्खं अंगण झाडायला घेतलं, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. ऊन चढत होतं. धुरपताबाई पदर फाडून पोरीच्या हाताला बांधत होती आणि तोंडानं शिव्या देत होती, कधी मराठीत, कधी त्यांच्या बोलीत. आमचं झाडून होईपर्यंत दोन्ही हात बांधून झाले होते. अंजूनं चिरलेलं हेल्मेट काढून माझं मोटारसायकलचं घातलं आणि परत फळीवर चढली.